डोक्यावरचा आकडा वाचा: गाडीच्या सस्पेन्शनसाठी बोल्ट निवडताना

बीदरहून औरादकडे निघालं की वाटेत जनवाडा लागतं. बीदर शहर लाल जांभ्यावर वसलं आहे; तिथून उत्तरेला उतरलं की मांजरेच्या खोऱ्यातली काळी जमीन सुरू होते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. त्यात जनवाड्याजवळचा नारंजा सहकारी साखर कारखाना गाळपाला लागला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडा दाबून टाकतात. अशा रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत, मग ती बोलेरो असो की अल्टो, वर्षा-दोन वर्षांत एक आवाज सुरू होतो. गतिरोधकावरून उतरताना किंवा ब्रेक दाबताना पुढच्या चाकाकडून 'खट्' असं ऐकू येतं. मिस्त्री गाडी उचलतो, लोअर आर्मचा बुश गेलाय म्हणून सांगतो आणि नवा बुश मागवतो. जुना बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेला असतो. तो गॅसने कापून काढतात आणि पोराला दुकानात पिटाळतात: "सतराचा टेन्साइल बोल्ट घेऊन ये."

या मागणीत दोन शब्द आहेत, 'सतराचा' आणि 'टेन्साइल'. दोन्ही अपुरे आहेत. शॉकॅब्सॉर्बर, लोअर आर्म, बॉल जॉइंट, कमानपाटे ही सगळी जोडणी ज्या बोल्टांवर उभी असते, त्यांची खरेदी अशा अपुऱ्या मागणीवर होऊ नये.

आधी 'सतराचा' म्हणजे काय ते पाहू. ज्याला सतरा नंबरचा पाना लागतो तो सतराचा. पण पाना डोक्याला लागतो आणि ताकद दांड्याची असते. जुन्या जर्मन मापाच्या एम १० बोल्टचं डोकं १७ मिलिमीटरचं असतं. जपानी घडणीच्या गाड्यांत एम १२ बोल्टचं डोकंही बऱ्याचदा १७ मिलिमीटरचंच असतं. नव्या आंतरराष्ट्रीय मापात पुन्हा वेगळं: एम १० ला १६, एम १२ ला १८. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात 'सतराचा' मागितला तर हातात येतो बहुधा एम १०, आणि गाडीत हवा असतो एम १२. फरक दोनच मिलिमीटरचा वाटतो. पण आटे कापल्यावर ताण सोसायला जे लोखंड उरतं, ते जाड आट्याच्या एम १० मध्ये ५८ चौरस मिलिमीटर असतं आणि एम १२ मध्ये ८४. बारीक बोल्ट मोठ्या भोकात सहज जातो, चाकी (नट) बसते, गाडी खाली उतरते आणि पहिले काही दिवस काही जाणवतही नाही. म्हणून पान्याचा नंबर सांगू नका. व्हर्नियर लावा, दांड्याचा व्यास मोजा आणि 'एम १२' असंच मागा.

आपल्याकडे सूताचं मापही अजून चालतं. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. शेतीच्या अवजारांत, ट्रॉलीत हे बोल्ट सर्रास असतात. एम १२ च्या भोकात तो जात नाही, म्हणून कुणी भोक वाढवून बसवतं. हे कधीही करू देऊ नका. पुढच्या वेळी मूळ बोल्ट बसवायचा म्हटलं तर त्याच्या मापाचं भोकच उरलेलं नसतं.

आता ताकद. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर टिंब असलेला आकडा उठवलेला किंवा कोरलेला असतो: ४.६, ८.८, १०.९, १२.९. हा त्या बोल्टचा ताकदीचा वर्ग. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८९८-१ आणि आपलं भारतीय मानक आयएस १३६७ या दोन्हींत हीच पद्धत आहे. वाचायची रीत सोपी आहे. टिंबाआधीच्या आकड्याला १०० ने गुणा. तुटण्याआधी एक चौरस मिलिमीटर लोखंड किती न्यूटन ताण सोसेल ते कळतं. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती दशांश ताणाला बोल्ट कायमचा लांबायला लागेल. ८.८ म्हणजे ८०० न्यूटनला तुटणार आणि त्याच्या आठ दशांशाला, ६४० ला, ताणून बिघडणार. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. जाळीला, गेटला, पत्र्याच्या शेडला लावतात तो साधा एमएस बोल्ट बहुधा ४.६ च्या आसपासचा असतो: ४०० आणि २४०.

हे आकडे कागदावर राहू नयेत म्हणून जाड आट्याच्या एम १२ बोल्टचाच हिशेब करतो. ४.६ चा बोल्ट न बिघडता साधारण १९ हजार न्यूटन, म्हणजे दोन टनांहून थोडं कमी, ओढ धरतो. ८.८ चा पाच टनांच्या जवळ जातो. १०.९ चा सात टन धरतो. तिन्ही बोल्ट रंगाने सारखे, जाडीने सारखे, पाना तोच, वजनही तेच. डोक्यावरचा आकडा सोडला तर डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही.

'टेन्साइल' हा शब्द म्हणूनच अपुरा पडतो. दुकानदार ८.८ लाही टेन्साइल म्हणतो, १०.९ लाही आणि १२.९ लाही. तुम्हाला कोणता हवा ते आकड्यानेच सांगावं लागेल. सस्पेन्शनमधले बहुतेक बोल्ट ८.८ किंवा १०.९ चे असतात; लोअर आर्म आणि स्ट्रट-नकल (नकल म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग) यांसारख्या जोडांत १०.९ अधिक आढळतो. पण अंदाजाने ठरवू नका. तुमच्या गाडीचा जुना बोल्ट पुसून त्याचं डोकं वाचा. जपानी घडणीच्या काही गाड्यांत टिंबाचा आकडा नसतो, नुसता ७, ९ किंवा ११ असतो, कधी पुढे टी. त्याला दहाने गुणलं की चौरस मिलिमीटरला किती किलो ते येतं. ९ टी हा साधारण ८.८ च्या आणि ११ टी हा १०.९ च्या जवळचा. इंचातल्या अमेरिकी बोल्टांवर आकड्याऐवजी रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, ८.८ च्या जवळ. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, १०.९ च्या जवळ. आणि डोक्यावर काहीच नसेल, तर तो बोल्ट सस्पेन्शनसाठी नाहीच असं धरून चाला, दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण निवडीतल्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. लोकांना वाटतं, बोल्ट म्हणजे खिळा. आर्म एका बाजूला ओढतो, ब्रॅकेट दुसऱ्या बाजूला आणि मधला बोल्ट कात्रीत सापडल्यासारखा तो भार झेलतो. सस्पेन्शनचा बोल्ट असं काम करत नाही, निदान त्याने तसं करू नये. कडब्याची गाडी भरल्यावर वरून दोर आवळतात तेव्हा दोर पेंढ्या उचलून धरत नाही. तो त्यांना एकमेकींवर दाबतो आणि त्या दाबामुळे पेंढ्या घसरत नाहीत. बोल्टही तसाच ताणून कसलेला असतो. कसताना तो केसभर लांबतो, आणि परत आखडायच्या त्याच्या ओढीमुळे ब्रॅकेटचे दोन कान बुशच्या आतल्या लोखंडी नळीला दोन्हीकडून घट्ट दाबून धरतात. आर्म वरखाली होतो तेव्हा पिळतं ते रबर. नळी हलायची नसते, बोल्टवर आडवा भार यायचाच नसतो. भार पेलतं ते दाबाखालचं घर्षण.

मग हा दाब कमी पडला तर? नळी ब्रॅकेटमध्ये सूक्ष्म सरकायला लागते. प्रत्येक खड्ड्याला इकडून तिकडे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिलं की जोडातले भाग असे आडवे सरकू लागले की कसलेली चाकी आपोआप उलटी फिरू लागते. म्हणजे आधी पकड कमी, मग सरकणं, मग चाकी सैल, मग पकड आणखी कमी. शेवटी बोल्ट वाकतो-सरळ होतो, वाकतो-सरळ होतो आणि एके दिवशी आट्याच्या खाचेतून तुटतो. तुटलेला तुकडा पाहून सगळे म्हणतात, बोल्ट कच्चा होता. खरं तर पुष्कळदा तो आधी सैल झालेला असतो.

आता ४.६ चा बोल्ट का चालत नाही ते नीट समजेल. १०.९ च्या एम १२ ला साधारण १२० न्यूटन-मीटर कसावं लागतं, तेव्हा त्याची खरी पकड येते. साधा बोल्ट तितका कसला की कसताकसताच मान टाकतो किंवा आटे सोडतो. अनुभवी मिस्त्रीच्या हाताला ते कळतं, म्हणून तो साधा बोल्ट हलक्या हाताने कसतो. बोल्ट तुटत नाही, पण पकड असायला हवी त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही नसते. अशी गाडी घेऊन हुमनाबादच्या चढ-उतारावर जाणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

उलट टोकाची चूकही आपल्या भागात हल्ली वाढते आहे. "८.८ होता ना, मग १२.९ टाका, कायमची कटकट गेली." सोय अशी की १२.९ सहज मिळतो: काळ्या रंगाचा, षट्कोनी खाचेचा ॲलन बोल्ट. दिसायला देखणा, नाव मोठं. पण सस्पेन्शनसाठी तो बहुतेक वेळा चुकीचाच ठरतो, आणि त्याची कारणं वेगवेगळी आहेत.

लोक म्हणतात, कडक बोल्ट काचेसारखा फुटतो. हे तितकंसं खरं नाही. मानकाप्रमाणे ८.८ चा बोल्ट तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबायला हवा, १०.९ चा ९ टक्के आणि १२.९ चा ८ टक्के. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. खरा धोका हायड्रोजनचा. इतकं कडक पोलाद हायड्रोजन शोषून घेतं: जस्ताचा चमकदार मुलामा चढवताना, आधी ॲसिडने धुताना, आणि पुढे गंजतानाही. तो हायड्रोजन आत साचून पोलादाच्या कणांमधली पकड सोडवतो, आणि बोल्ट कसल्यावर लगेच नव्हे, काही तासांनी किंवा दिवसांनी, कधी गाडी उभी असताना, डोकं उडून पडतं. ८.८ मध्ये ही भीती नगण्य, १०.९ मध्ये नीट प्रक्रिया केली तर आटोक्यात, १२.९ मध्ये खरी. कारखान्यातून येणाऱ्या गाडीचे १०.९ चे बोल्ट म्हणूनच बहुधा मंद राखाडी लेपाचे असतात. तो जस्ताच्या पापुद्र्यांचा लेप विजेच्या हौदात न बुडवता चढवतात. पिवळा किंवा चांदीसारखा लखलखीत १२.९ बोल्ट कुणी दिला, तर घेऊ नका.

दुसरं कारण कसण्याचं. गाडीच्या पुस्तकातला आकडा मूळ बोल्टसाठी आहे. तुम्ही १२.९ टाकलात आणि कसलात ८.८ च्याच मापाने, तर पकड ८.८ इतकीच मिळते. जास्त दिलेले पैसे वाया. आणि १२.९ च्या हिशेबाने कसलात तर ब्रॅकेटचा पत्रा दबतो, बुशची नळी चेपते, वेल्ड केलेल्या चाकीचे आटे सुटतात. जोडातला प्रत्येक भाग एकमेकांच्या बेताने बनवलेला असतो. त्यातला एकच भाग ताकदवान केला की भार शेजाऱ्यावर जातो.

स्टेनलेस स्टीलचा बोल्ट गंजत नाही, पण सस्पेन्शनला तोही नको. बाजारात जास्त मिळणारा ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ४५० न्यूटनलाच ताणून बिघडतो, म्हणजे ८.८ पेक्षा बराच कमजोर. शिवाय कसताना त्याचे आटे एकमेकांत रुतून जाम होतात. तो नंबरप्लेटला लावा.

ताकदीचा वर्ग जुळला म्हणजे काम झालं असं नाही. माझ्या मते याहून जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आटे नसलेला दांडा. जुना बोल्ट हातात घेऊन पाहा. डोक्याकडून बराचसा भाग गुळगुळीत असतो, आटे फक्त टोकाला. हा गुळगुळीत भाग ब्रॅकेटच्या कानांत आणि नळीत बसतो. हार्डवेअरच्या दुकानात मात्र डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट पटकन मिळतो. तो लावला तर तीन गोष्टी घडतात. भोकात आट्यांची धार घासते आणि भोक वाढवते. एम १२ च्या गुळगुळीत दांड्यात ११३ चौरस मिलिमीटर लोखंड असतं, आटे आले की ते ८४ वर येतं. आणि प्रत्येक आट्याचा तळ ही एक खाच असते. वाकण्याचा ताण आला की चीर तिथूनच सुरू होते. म्हणून लांबी मोजताना गुळगुळीत भागाची लांबीही मोजा. नेमका मिळत नसेल तर जरा लांब बोल्ट घेऊन कापण्यापेक्षा कंपनीचा सुटा भाग मागवा. कापून जुळवलेल्या बोल्टमध्ये कधी आटे कमी पडतात, कधी चाकी गुळगुळीत भागावर जाऊन टेकते. पाना सांगतो घट्ट झालं, पण आत पकड शून्य असते.

आट्यांचा पिचही तसाच. एम १२ मध्ये १.७५, १.५ आणि १.२५ असे तीन प्रकार नेहमी भेटतात. हार्डवेअरमध्ये १.७५ मिळतो, मारुतीसारख्या गाड्यांत १.२५ बराच आहे, इतर अनेक गाड्यांत १.५. १.२५ च्या चाकीत १.५ चा बोल्ट दोन-तीन आटे आत जातो आणि मग जड होतो. तिथेच थांबा. इम्पॅक्ट गन लावून तो ढकलला तर बोल्टही गेला आणि नकलमधले आटेही. नव्या बोल्टवर नवी चाकी हाताने शेवटपर्यंत फिरली पाहिजे. सेल्फ-लॉकिंग चाकी टोकाला थोडी जड जाते, तेवढंच.

चाकीलाही वर्ग असतो, हे फार थोडे लोक पाहतात. ८.८ ला ८ ची चाकी, १०.९ ला १० ची. तिच्या अंगावर तो आकडा असतो. १०.९ च्या बोल्टला साधी चाकी लावली तर चाकीचे आटे सोलून निघतात. नायलॉनची कडी असलेली चाकी एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा तिची धरून ठेवायची ताकद राहत नाही. बॉल जॉइंटला किंवा टायरॉडच्या टोकाला खाचांची चाकी आणि कॉटर पिन असेल, तर पिनचं भोक जुळवण्यासाठी चाकी मागे फिरवू नका. पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसा. पिन दर वेळी नवी. अनेक छोट्या गाड्यांत बॉल जॉइंटची दांडी नकलच्या फटीत जाते आणि एक आडवा बोल्ट ती आवळून धरतो. हा बोल्ट दांडीच्या खाचेतून गेलाय की नाही ते डोळ्यांनी पाहा, आणि त्या जागी मूळ कंपनीच्या बोल्टशिवाय दुसरं काहीही लावू नका. तो सुटला तर चाक आडवं पडतं.

स्प्रिंग वायसरबद्दल एक शब्द. आपल्याकडे तो टाकला की काम पक्कं झालं असं मानतात. मजबूत बोल्टच्या पकडीपुढे तो पहिल्याच फटक्यात सपाट होतो. त्यानंतर चाकी फिरण्यापासून तो रोखू शकत नाही. मूळ जोडात नसेल तर आपल्या मनाने घालू नका. तिथे चपटा कडक वायसर किंवा डोक्यालाच जोडलेली चकती असते, ती जशीच्या तशी हवी.

आणि एक खास बोल्ट ओळखून ठेवा. काही गाड्यांत स्ट्रटच्या किंवा मागच्या आर्मच्या बोल्टला मध्याबाहेर भोक असलेली चकती असते किंवा दांडा एका बाजूला फुगलेला असतो. तो चाकाचा कल नेमका करण्यासाठी असतो. काढण्याआधी त्याच्या जागेवर खडूने किंवा पोगरने खूण करून ठेवा. तिथे साधा बोल्ट घातला तर अलाइनमेंट कधीच जुळणार नाही आणि टायर एका बाजूने झिजतील.

आता कसणं, कारण योग्य बोल्ट चुकीचा कसला तर सगळी निवड फुकट जाते. पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला जातो; निम्मा डोक्याखाली घासण्यात आणि उरलेला आट्यांत घासण्यात संपतो. त्यामुळे घर्षण जरा बदललं तरी पकड खूप बदलते. कोरड्या बोल्टसाठी दिलेलं माप असेल आणि तुम्ही आट्यांना इंजिन ऑइल लावलंत, तर त्याच जोरात बोल्ट फार जास्त ताणला जातो. गंजलेल्या आट्यांवर उलट होतं: पाना कडक लागतो, पकड मात्र नसते. पुस्तकात तेल लावा म्हटलं असेल तरच लावा. एरवी आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ, कोरडे ठेवा. ही पकड किती नाजूक असते याचं एक ठळक उदाहरण सांगतो. जून २०२२ मध्ये टोयोटाने बीझेड४एक्स ही विजेवर चालणारी गाडी परत बोलावली, जगभरातल्या सुमारे २,७०० गाड्या, कारण चाकाचे हब बोल्ट सैल होऊन चाक निघण्याचा धोका होता. इतक्या मोठ्या कंपनीलाही बोल्टची पकड गृहीत धरता आली नाही.

टॉर्क पाना गॅरेजमध्ये नसेल तर निदान हिशेब माहीत असू द्या. १२० न्यूटन-मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण ४० किलोचा जोर. त्याच पान्याला मीटरभर पाइप चढवून तोच जोर लावला तर तिप्पट-चौपट होतो आणि १०.९ चा बोल्टही कायमचा ताणला जातो. असा ताणलेला बोल्ट दिसायला ठीक असतो, पण आटे नीट पाहिले तर मधे त्यांचं अंतर वाढलेलं आणि दांडा किंचित बारीक झालेला दिसतो. तो फेकून द्या. गाडीच्या पुस्तकात 'इतका टॉर्क आणि पुढे इतके अंश' असं लिहिलं असेल, तर तो बोल्ट बहुधा मुळातच एकदा ताणून वापरायचा असतो. काढला की नवाच घ्यायचा.

रबर बुशच्या बोल्टसाठी आणखी एक नियम आहे, जो जॅकवर काम करताना हमखास मोडला जातो. गाडी उचललेली असताना चाक खाली लोंबतं. त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण कसला तर बुशचं रबर तिथेच घट्ट होतं, आणि गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि मग बुश कंपनीला दोष देतात. बोल्ट हाताने बसवा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनदा दाबून सोडा आणि मगच शेवटचा जोर लावा.

गॅसकटरचा विषय इथे आणावाच लागेल. ८.८ आणि त्याहून वरच्या बोल्टांची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. पोलाद तापवून, विझवून, पुन्हा सुमारे ४२५ अंशांवर किंवा त्याहून वर नेऊन ते घडवतात. गॅसच्या ज्योतीत बोल्ट लाल झाला की ती घडण संपली. म्हणून तापवून सोडवलेला बोल्ट पुन्हा लावायचा नाही. त्याची चाकीही नाही, आणि शेजारचा बोल्ट तापला असेल तर तोही नाही. बोल्टचं डोकं वेल्ड करून फिरण्यापासून रोखणं हा प्रकार तर ताबडतोब बंद व्हायला हवा. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवलं, टोकावर चाकी ठेवून हातोड्याने हलकेच ठोकलं, तर बरेच बोल्ट आगीशिवाय निघतात. काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यानंतर एकदा हे बोल्ट धुऊन तपासणं शहाणपणाचं.

बोलेरो, पिकअप, टाटा एससारख्या गाड्यांच्या कमानपाट्यांना यू-बोल्ट असतात. ते पाटे आणि ॲक्सल एकत्र दाबून धरतात. पाटा बदलला की यू-बोल्ट आणि त्यांच्या चाक्या नव्या घ्या, चारही चाक्या आळीपाळीने थोड्या थोड्या कसा, आणि गाडी भार घेऊन काही अंतर चालली की पुन्हा कसून घ्या, कारण पाटे आपसात बसतात आणि पकड उतरते. ऊस, सोयाबीन, तुरीची पोती भरून फिरणाऱ्या गाडीत पाट्यांचा मधला बोल्ट तुटलेला सापडला, तर तो बोल्ट कच्चा होता असं म्हणण्याआधी यू-बोल्ट सैल होते का ते विचारा. बहुधा तिथेच उत्तर असतं.

खरेदी कुठे करायची? पहिली पसंती गाडीच्या कंपनीचा सुटा भाग. बीदर, उदगीर, लातूर, कलबुर्गीला मिळाला तर उत्तम. नाही तर नंबर देऊन मागवायचा आणि तोवर गाडी उभी ठेवायची. नंबर गाडीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये असतो. साधा, गोल चकतीचा किंवा षट्कोनी डोक्याचा, मापात बसणारा बोल्ट असेल, तर सिकंदराबादच्या राणीगंजसारख्या मोठ्या बाजारातून टीव्हीएस किंवा अनब्राको यांसारख्या नावाजलेल्या बनवणाऱ्याचा बोल्ट घ्यायला हरकत नाही. डोक्यावर वर्गाचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही हवेत. आकडा आहे पण खूण नाही, असा बोल्ट परत करा. तो कुणी बनवला हेच कळत नसेल तर आकड्याला जामीन कोण? ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात ग्रेड ८ ची सहा रेघांची खूण मारलेले हलक्या पोलादाचे बोल्ट इतके आले की १९९० साली तिथल्या संसदेला फक्त बोल्ट-स्क्रूंच्या दर्जासाठी कायदा करावा लागला. आपल्या बाजारात बिलावर वर्ग लिहून घ्या: 'एम १२, १.२५ पिच, १०.९, इतकी लांबी.' दुकानदार लिहायला कां कू करत असेल तर दुकान बदला. कानस घासून कडकपणा पाहतात, त्याने साधा बोल्ट आणि टेन्साइल एवढं कळतं; ८.८ आणि १०.९ त्यातून ओळखता येत नाही.

काम झाल्यावर बोल्टच्या टोकापासून चाकी आणि ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्या. शे-दोनशे किलोमीटरनंतर वाकून ती रेघ पाहायची. सरळ असेल तर चाकी हललेली नाही. तुटलेली दिसली तर नुसतं कसून भागवू नका. का सरकली ते शोधा.

शोधताना बहुधा ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं सापडतं. बोल्ट बराच काळ सैल चालला की असं होतं. इथे मिस्त्री मोठा बोल्ट सुचवेल, भोकाला वायसर वेल्ड करू म्हणेल किंवा पत्र्याची पट्टी घालून भरून काढू म्हणेल. यातलं काहीही करू नका. लांबट भोकात १०.९ काय आणि १२.९ काय, कोणताच बोल्ट नीट टेकत नाही. ब्रॅकेट सुटं मिळत असेल तर ते बदला. चॅसिसला जोडलेलं असेल तर कंपनीच्या रीतीने ते कापून नवं बसवणाऱ्या बॉडीशॉपकडेच गाडी न्या. तिथपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर चालवत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या.